रोटाची अर्धी पोळी

धुळ्याच्या एका पत्र्याच्या व्यापाऱ्याने मला फसवलं. मला म्हणजे जळगावच्या मूकबधिर मुलांच्या शाळेला, आणि त्या शाळेत शिकणाऱ्या माझ्या मुलीला. माणूस परका नव्हता. आमच्याच भाऊबंदकीतला, वयाने मोठा. सगळे त्याला आबा म्हणायचे, मीही म्हणायचो. अजून म्हणतो.

मला फसवणं सोपं नाही. वडील लवकर गेले, सातवीत शाळा सुटली, आणि तासावर भाड्याने घेतलेल्या सायकलीला कापडाचा गठ्ठा बांधून मी खेडी धरली. जळगाव ते नेरी, नेरी ते पहूर, वाटेतली प्रत्येक वस्ती. लुगडी, खण, मांजरपाट, पॉपलीन. चाळीस किलोचा गठ्ठा मागे आणि लोखंडी गज नळीला बांधलेला. दारात बसून बायकांशी घासाघीस करायची. ती अर्ध्यावरून सुरू करणार हे धरूनच मी दुप्पट सांगायचो, आणि ती उठून गेली की गठ्ठा बांधायला घ्यायचो. गाठ मारेपर्यंत ती परत येते. गाठ किती सावकाश मारायची हीच माझी विद्या. त्या विद्येवर मी बाजारात आठ फुटांचं दुकान घेतलं. रागाच्या बाबतीत मात्र माझी गाठ कधीच नीट बसली नाही.

मुलीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती नऊ वर्षांची असताना शाळेच्या बाईंनी पालकांना बोलावलं. शाळा तेव्हा कापूस पिंजायच्या एका बंद पडलेल्या जिनाच्या शेडमध्ये भरायची आणि मालकाला शेड परत हवी होती. बाई म्हणाल्या, "जागा मिळाली आहे. खोली बांधायची आहे. पुढच्या पावसाच्या आत छप्पर पाहिजे, नाहीतर शाळा बंद." मुलीने बाईंचे ओठ पाहिले, मग माझ्याकडे पाहून दोन्ही हातांची टोकं जुळवून डोक्यावर धरली आणि भुवया उंचावल्या. छप्पर? असं तिने मला विचारलं. मी मान हलवली. तिच्या लेखी तो सौदा तिथेच पक्का झाला.

त्याच महिन्यात जाहीर झालं की पंधरा ऑगस्टला जळगाव ते धुळे सायकल शर्यत होणार आहे. नव्वदच्या वर किलोमीटर. भाग घेणाऱ्याने आपल्या पसंतीच्या चांगल्या कामासाठी लोकांकडून कबुल्या घ्यायच्या. जितके किलोमीटर जाईल तितकं दान. मी जाहिरात दोनदा वाचली आणि बाजारात उभ्या उभ्या हसलो. मी वीस वर्षं हेच करत होतो. पायडल मारायचं आणि लोकांच्या खिशाला हात घालायचा! फक्त आजवर ते पोटासाठी होतं.

सरावाला वेगळा वेळ नव्हता, म्हणून मी धंद्यालाच सराव केलं. दुकान झाल्यावर मी फेरी सोडली होती, ती पुन्हा धरली. पहाटे आंघोळ, देवाला दिवा, आईच्या पाया पडून गठ्ठा सायकलला. पहूर गाठायचं, तिथून उलटं फिरायचं, आणि दहाच्या आत दुकानाचं शटर वर. पहिल्या आठवड्यात मांड्या अशा भरून आल्या की दुकानात गिऱ्हाइकासमोर मला तागा उचलून उठता येईना; बायको उठायची. दुसऱ्या आठवड्यात मी गठ्ठ्यात दोन विटा टाकल्या. तिसऱ्या आठवड्यात नेरीचा चढ मला चढ वाटेनासा झाला आणि मी चक्क ओरडलो. शेतात निंदणाऱ्या बायांनी माना वर केल्या. एक म्हणाली, "काय व्हयनं रे भाऊ? साप चावना का?"

साप नाही, आनंद चावला होता. खरं सांगतो, त्या दिवसांत छप्पर कधी कधी मी विसरायचो. वारा कानात भरायचा, साखळीचा आवाज एकसारखा यायचा, आणि मला वाटायचं, आजवर मी सायकल ओढत होतो, आता सायकल मला ओढते आहे.

हे बायकोच्या लक्षात आलं नसेल असं होणार नव्हतं. ती म्हणाली, "अहो, एक सांगा. शाळेसाठी पळता आहात की स्वतःसाठी?"

"शाळेसाठी."

"मग आरशात मांड्या कशाला बघता? तुमच्या पायांना शर्यत लागली आणि माझ्या पायांना दुकान."

मी रविवारची फेरी बंद केली, दुपारी दुकानात बसू लागलो आणि मुलीला संध्याकाळी पुढच्या दांडीवर बसवून गिरणेच्या पुलापर्यंत न्यायला लागलो. ती हाताने मोजायची, मागे किती सायकली टाकल्या ते. ट्रक मागे टाकला तर दोन्ही हात सोडून टाळ्या वाजवायची. ट्रक बहुतेक वेळा उभाच असायचा, पण ते मी तिला सांगितलं नाही.

कबुल्या गोळा करायला मी शनिवारचा दिवस ठेवला. पैसे मागितले की माणूस खिसा दाबतो, वस्तू मागितली की मोठेपणा दाखवतो, हे मला माहीत होतं. म्हणून मी सगळं मालातच मागितलं. वीटभट्टीवाला म्हणाला, "किलोमीटरमागे दहा विटा." मी गठ्ठा बांधायला लागावं तशी टोपी घालायला घेतली. "दहा विटांत मुलं उभी राहतील, बसतील कुठं? जाऊ द्या शेठ, वरणगावला एकाने पन्नास कबूल केल्या आहेत." वरणगावला कोणी काही कबूल केलं नव्हतं. तो म्हणाला, "पंचाहत्तर." मी टोपी घातली. "बरं बाबा, शंभर! पण धुळ्यापर्यंत जाशील तर ना? पाळधीलाच पडशील." मी त्याच्या हातावर हात मारला. अमळनेरच्या एका तेल गिरणीवाल्याने सिमेंट कबूल केलं. ते खेचायला मला तीन चकरा आणि त्याच्या बायकोची शिफारस लागली. भिंती झाल्या. उरलं छप्पर.

छप्पर म्हणजे आबा. धुळ्यात पत्र्याचं मोठं दुकान, दारात जीप, कपाळाला गंध. दोन वेळा गेलो, दोन्ही वेळा चहा पाजला आणि म्हणाला, "बघू. देवीच्या मनात असेल तसं." चहा पाजून बघू म्हणणारा माणूस मला ओळखू येतो. तो भाव ठरवत नसतो, तो तुमची गरज मोजत असतो.

आता कानबाईचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरच फिरलं. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात कानबाई बसते. आदल्या दिवशी भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मापाने गहू घेतात. जितके पुरुष तितकी मापं, बाहेरगावी असेल त्याचंही माप धरतात. त्याच्या पिठाला रोट म्हणतात. रविवारी देवी बसते, रात्रभर गाणी होतात, सोमवारी सकाळी नाचत-वाजत तिला नदीवर नेतात. रोटाचं पीठ पौर्णिमेच्या आत संपवायचं. ते फक्त घरच्यांनी, म्हणजे भाऊबंदांनीच खायचं. परक्याला द्यायचं नाही, घराबाहेर न्यायचं नाही. आणि आमच्यात अशी रीत की रोट संपेपर्यंत घरच्या पुरुषाने दुसऱ्या चुलीचं अन्न तोंडात घालायचं नाही.

त्या वर्षी भाऊबंदकीची कानबाई आमच्या घरी होती. आणि पंधरा ऑगस्ट आला नेमका सोमवारी, कानबाईच्या विसर्जनाच्या दिवशी.

मी आईसमोर जाऊन बसलो. सगळ्या जगाशी घासाघीस करता येते, आईशी फक्त गप्प बसता येतं. ती गहू निवडत होती. सुपावरून मान वर न करता म्हणाली, "नदीवर तू नही येवाव, असंच ना?"

"हो."

"पोरना शाळासाठे?"

"हो."

"मंग जाय. कानबाई आई शे, ती समजी लेई. पण रोटनं पाळनं पडी. वाटमा कोनाकडलं काही खावानं नही."

"आई, नव्वद किलोमीटर उपाशी कसा जाऊ?"

तिने सुपातले खडे बाजूला केले. "उपाशी कसाले? मी पोळ्या बांधी देस. रोट घरना मानूसनी खावाना. तू घरना मानूस शे ना? मंग तू जठे बठशी तठे घर."

पंचाहत्तर वर्षांच्या, अंगठा उठवणाऱ्या बाईने दिलेला तो निवाडा. माझ्या मते त्यावर कोणत्याही शास्त्र्याने बोट ठेवू नये.

शनिवारी गहू मोजायला सगळे भाऊबंद जमले. आबाही धुळ्याहून आला. आपल्या नावाचं माप पडताना त्याने गव्हाच्या राशीत हात घातला, आणि मी तेवढ्यात सगळ्यांसमोर म्हणालो, "आबा, हात गव्हात आहे तोवर बोलून टाका. शाळेच्या छपराचं काय?"

हशा झाला. आबाही हसला. माणसं बघत होती, त्यामुळे त्याला मोठं होणं भाग होतं. म्हणाला, "भाऊ, तू पहिला ये. पहिला आलास तर सगळं छप्पर माझं, पत्रे, अँगल, खिळेसुद्धा. कानबाईसमोर सांगतो. दुसरा आलास तर एक पत्रा मिळणार नाही."

"पहिला आलो तर दुसरी अट नाही?"

"दुसरी अट नाही."

आईने त्याच्या हातावर हळद-कुंकू वाहिलं. मुलगी दारात उभी होती. मी तिच्याकडे बघून डोक्यावर छप्पर धरलं. तिने आबाकडे बोट केलं आणि भुवया उंचावल्या. मी मान हलवली: हो, हे देणार. तिने जाऊन त्याच्या पाया पडून घेतलं. ते आठवलं की आजही माझी कानशिलं तापतात.

सोमवारी उजाडता उजाडता आम्ही पन्नास-साठ जण जळगावात रेषेवर उभे. बहुतेकांकडे काळ्या सायकली, माझ्यासारख्या. चार-पाच जणांकडे वाकड्या हँडलच्या, कागदासारख्या हलक्या. त्यातला एक धुळ्याचा पोलीस शिपाई होता. पिंडऱ्या लाकडात कोरल्यासारख्या. माझ्या सायकलीचं कॅरियर, मडगार्ड, घंटी, सगळं मी काढून ठेवलं होतं. फक्त हँडलला खाकी पिशवी आणि त्यात पांढऱ्या फडक्यात बांधलेल्या तीन पुरणपोळ्या. शिपायाने पिशवीकडे पाहिलं. "काय शेठ, पाहुण्याकडे निघाले?"

"हो," मी म्हणालो. "तुमच्या धुळ्याला. दार उघडं ठेवा म्हणावं."

आबा जीप घेऊन धुळ्याला परत निघाला होता. विसर्जनाला थांबला नाही. शर्यतीला पाहुणा म्हणून बोलावलंय, म्हणाला. मुलगी हट्टाने त्याच्या जीपमध्ये बसली. पुढे ड्रायव्हर आणि आबा, मागे ती एकटी. बायको विसर्जनाला आईबरोबर नदीवर, बाई शाळेच्या मुलांना घेऊन आधीच एस.टी.ने धुळ्याला गेलेल्या.

शिट्टी झाली!

श्रावणातलं वारं पश्चिमेचं. जळगावहून धुळ्याला जायचं म्हणजे सगळा रस्ता ते छातीवर घ्यायचं. हलक्या सायकलीवाले आणि त्यांच्यामागे काही काळ्या सायकलीवाले गिरणेच्या पुलावर सुसाट पुढे गेले. मी गेलो नाही. गिऱ्हाईक उठून गेलं म्हणून मागे धावायचं नसतं. पाळधीला त्यातले दोघं धापा टाकत सापडले. एरंडोलच्या चढाला मी आणखी सहा जण मोजले आणि मागे टाकले. पाय गरम झाले होते, गठ्ठा नव्हता, विटा नव्हत्या! वीस वर्षं मी ज्या वजनाखाली पायडल मारलं ते वजन कुणीतरी उचलून घेतल्यासारखं झालं. दोन्ही बाजूंनी कपाशी हिरवीगार, मध्येच एखादी सर अंगावर यायची आणि पुढच्या गावाला ऊन. शाळेतली पोरं झेंडे घेऊन रस्त्यावर उभी होती आणि मला वाटत होतं ती माझ्यासाठीच उभी आहेत.

एरंडोलच्या पुढे एक पोळी खाल्ली, चालत्या सायकलीवर. उरल्या दोन. मनात हिशेब पक्का: एक पारोळ्याला, एक फागण्याच्या आधी.

पारोळ्याच्या अलीकडे, शर्यतीच्या मागून सावकाश येणारी आबाची जीप बाजूला आली. मी तेव्हा तिसरा होतो. आबाने मान बाहेर काढली. "भाऊ, शाबास! पण माझं काही खरं नाही रे. सकाळपासून पोटात काही नाही. हॉटेलात बसलो असतो, पण रोट सुरू आहे, दुसऱ्याचं कसं खाऊ? तुझ्या पिशवीत घरचं आहे म्हणतात."

"मला पुरायचं नाही आबा."

"अरे, सगळं कुठं मागतो? मी काय परका आहे? माझ्याही नावाचं माप त्यात आहे."

खरंच होतं ते. त्या पिठात त्याचाही गहू होता. आणि खोटं कशाला बोलू, मी मनात भावही केला: सबंध छप्पर देणाऱ्याला पोळी नाकारायची? मी पिशवीत हात घालून एक पोळी काढली, सायकल जीपच्या जवळ घेतली आणि मोडून अर्धी त्याच्या हातात दिली. उरलेली अर्धी मी तोंडात कोंबली. तो खाताना मुलगी मागच्या सीटवरून बघत होती. खाऊन झाल्यावर त्याने तुपाची बोटं सीटच्या कापडाला पुसली. जीप पुढे गेली. मुलीने मागच्या काचेतून डोक्यावर छप्पर धरून दाखवलं आणि मी जोर लावला.

मुकटीला मी दुसरा झालो. पुढे फक्त शिपाई. आणि तिथेच माझ्या पायांतलं तेल संपलं. डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. शेवटची पोळी फागण्यासाठी ठेवली होती, ती मी तिथेच खाल्ली. रस्त्याच्या कडेला एका म्हाताऱ्याने केळी पुढे केली, पिवळी धमक, नुसत्या वासाने तोंडाला पाणी सुटलं. मी मान हलवली. "घे रे बाबा, फुकट शे!" तो ओरडला. आयुष्यात फुकटचं सोडायची ती माझी पहिली वेळ. आईचा शब्द होता.

फागण्याला शिपाई नजरेत आला. वारा त्यालाही खात होता. मी त्याच्या मागे चिकटलो, त्याच्या पाठीच्या आडोशाला, आणि दम खाल्ला. त्याने मागे वळून पाहिलं. "आलात होय पाहुणे?"

"चहा टाका," मी म्हणालो.

धुळ्याचं मैदान दिसायला लागलं, झेंडा दिसायला लागला, ताशाचा आवाज आला. शिपाई उठून पायडलवर उभा राहिला. मीही उभा राहिलो. आता सांगतो, मला त्या क्षणी ना देव आठवला ना शाळा. मला फक्त त्याचं पुढचं चाक दिसत होतं आणि ते माझ्या पुढे होतं आणि ते मला चालणार नव्हतं. मी ओरडत होतो म्हणे. काय ओरडत होतो ते मला बाईंनी नंतर सांगितलं: "खिळेसुद्धा! खिळेसुद्धा!"

अर्ध्या चाकाने मी पहिला आलो.

शिपायाने मला मिठी मारली. तो रांगडा माणूस रडत होता आणि हसत होता. शाळेची मुलं माझ्याभोवती हात उंच करून बोटं हलवत होती, त्यांच्या टाळ्या तशाच असतात, बघायच्या. मुलगी माझ्या पाठीवर चढली. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा सौदा मी जिंकला होता.

मग भाषणं झाली आणि आबाला माइकवर बोलावलं. त्याने घसा साफ केला. माझं कौतुक केलं. आणि म्हणाला, "पण मला एक गोष्ट जड मनाने सांगावी लागते. मी शब्द दिला तो कानबाईसमोर. आमच्या या भाऊने रोट घराबाहेर नेला, शीव ओलांडून नेला, रस्त्यावर खाल्ला. तुम्ही सगळे खानदेशातली माणसं, तुम्हाला हे सांगायला नको. देवीचा नियम मोडून जिंकलेल्या शर्यतीवर मी छप्पर घातलं, तर ते लेकरांच्या डोक्यावर पडेल. माझ्याने ते पाप होणार नाही."

लोक माना हलवायला लागले. देवीचा कोप आणि लेकरांच्या डोक्यावरचं छप्पर, दोन्ही त्याने एकाच वाक्यात बांधलं. पैशावर बोलला असता तर मी त्याला भर मैदानात नागवा केला असता. तो देवीच्या आड उभा राहिला. दुसरी अट नाही, हे मी वदवून घेतलं होतं; पण अट देवीच्या नावाने येईल हे मला सुचलं नव्हतं.

मी ओरडलो, "तुम्हीही खाल्ली ना त्यातली! पारोळ्याला! अर्धी पोळी!"

तो शांतपणे म्हणाला, "मी? मी काल रात्रीपासून निरंकार उपाशी आहे." ड्रायव्हरने खाली पाहिलं.

तेव्हा मुलगी पुढे गेली. तिला शब्द ऐकू आले नव्हते, पण माझा चेहरा तिने वाचला होता आणि त्याचे ओठ. ती व्यासपीठापाशी जाऊन उभी राहिली. आबाकडे बोट केलं. दोन्ही हातांनी पोळी मोडली. अर्धी त्याच्याकडे दिली. ती तोंडात घातली, चावली. मग बोटं सीटवर पुसली. इतकं स्वच्छ की आंधळ्यालाही समजावं. शेवटी तिने हातांची टोकं डोक्यावर जुळवली आणि भुवया उंचावल्या. छप्पर?

लोक हसले. वाईट नव्हते ते लोक, त्यांना ती गंमत वाटली. आबाही हसला आणि माइकवरच म्हणाला, "मुकी पोर काय साक्ष देणार? तिला भूक लागली असेल. कुणीतरी द्या रे तिला खायला."

मी व्यासपीठावर चढलो आणि त्याची गळपट्टी धरली.

तिथे माझं चुकलं. ते मी इतक्या वर्षांनी लिहून देतो. मी हात आवरला असता, तर शिपाई बोलला असता. त्याने लांबून जीप माझ्याजवळ आलेली पाहिली होती. बाई बोलल्या असत्या. पण मी सदरा फाडला आणि त्या क्षणी मी गुंड झालो आणि तो देवभक्त. मला चौघांनी खाली ओढलं, त्यात शिपाईही होता. तो कानात म्हणाला, "शेठ, जिंकलेलं घालवलंत."

रात्री घरी आईला सगळं सांगितलं. ती देवीचा रिकामा चौरंग पुसत होती. म्हणाली, "निवाडा मी करेल होता, पाप लागनार व्हई ते माले लागू दे. आनि पोळी कानबाईनी नही खादी, आबानी खादी." मग बायकोला म्हणाली, "याले वाढ."

भिंती उभ्या राहिल्या. प्रत्येक किलोमीटरच्या शंभर विटा भट्टीवाल्याने दिल्या, एक वीट कमी नाही. सिमेंट आलं. आणि दिवाळीनंतर चार भिंतींवर आभाळ ठेवून काम थांबलं. मुलगी रोज संध्याकाळी मला तिथे न्यायची, वर बघायची, मग माझ्याकडे. मी पुन्हा गठ्ठा बांधला. भाऊबंदकीच्या प्रत्येक घरी गेलो, पहूरपासून अमळनेरपर्यंत, आणि कापड दाखवायच्या आधी म्हणालो, "रोटात तुमच्या घरचं माप असतं ना? तसा छपरात तुमच्या घरचा एक पत्रा द्या." कुणी गोठ्यावरचा काढून दिला, कुणी नवा घेऊन दिला. कुणाचा लांब, कुणाचा आखूड, एकाचा निळा. मृगाच्या आत छप्पर चढलं. पाऊस आला की त्या पत्र्यांचा असा ताशा वाजतो की बाईंना स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही. मुलांना काही फरक पडत नाही. त्यांच्या हातांना पाऊस अडवत नाही.

म्हणजे छप्पर झालं. मग माझं भांडण काय उरलं, असं लोक विचारतात. बायकोही विचारते. धंदा वाढला, दोन दुकानं झाली, मुलगी त्याच शाळेत शिकवते. सोडून द्या म्हणतात.

मी सोडलं असतं. पत्रे मला दुसरीकडून मिळाले, ती उधारी मी फाडून टाकली. पण आबा, तुम्ही अजून दरवर्षी कानबाईला येता, पहिल्या रांगेत बसता, गव्हात हात घालता. आणि दरवर्षी माझी मुलगी तुमच्यासमोर येऊन एकदा पोळी मोडून दाखवते. लहानपणी हातवारे मोठे होते, आता अगदी छोटे, दोन बोटांत मावतील एवढे. तुम्ही दरवर्षी दुसरीकडे बघता. तिने साक्ष दिली होती आणि भर मैदानात तुम्ही ती हसण्यावारी नेलीत, म्हणालात तिला खायला द्या. त्या एका वाक्याचा हिशेब राहिला आहे.

मला उत्तर नको. माझ्याशी तुम्ही बोललात तर मी पुन्हा गळपट्टी धरेन, माझा भरवसा नाही. तिला द्या. येत्या रोटाला तिच्यासमोर बसा. माइक लागणार नाही, भाषण लागणार नाही, देवीला मध्ये घालू नका. एवढी वर्षं बघता आहात, ती खूण तुम्हाला येते. दोन्ही हात वर करा आणि सगळ्या भाऊबंदांदेखत तिला सांगा: पारोळ्याच्या अलीकडे, जीपमध्ये, रोटाची अर्धी पोळी तुम्ही खाल्ली की नाही?